त्याची सुटेपर्यंत

बोईसरला महिन्याची सात ते दहा तारीख वेगळी असते. तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांचे पगार होतात, ठेकेदार हिशोब चुकते करतात आणि संध्याकाळी देशीच्या दुकानासमोर गर्दी वाढते. त्याच दिवसांत चाळीतल्या बायका काही कामं न बोलता उरकून घेतात. तांदूळ आधीच भरून ठेवतात, पोरांच्या फीचे पैसे शेजारणीकडे देतात, विळी माळ्यावर टाकतात. मग ताट झाकून बसून राहतात. जिन्यावर पाऊल वाजलं की आज किती झालीय ते त्यांना दार उघडायच्या आत कळतं.

अशा बाईला तिच्या स्वतःच्या तब्येतीचं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘त्यांची सुटली की मी आपोआप बरी होईन.’

हे वाक्य खरं मानायचं की नाही, यावर दोन बायकांचं पटत नाही. एक निवृत्त नर्स. मूळची चिंचणीची, भंडाऱ्याघरची, आजोबा ताडी काढायचे. नोकरीभर उपकेंद्रातून पाड्यापाड्यांवर लसी टोचत हिंडली, म्हणून सगळ्यांची सिस्टर. दुसरी रेल्वेच्या पूर्वेकडच्या पाड्यातली, वारली, महिला संघटनेची कार्यकर्ती, सगळ्यांची ताई. दोघी मी रचलेल्या आहेत. पण त्यांचे मुद्दे या पट्ट्यात कुठल्याही बचत गटाच्या बैठकीनंतर, चहा होताना, ऐकायला मिळतात.

ताई: तिचं बरोबरच आहे, सिस्टर. छप्पर गळतंय तर छप्पर शाकारायचं, की खाली भिजणाऱ्या बाईला सर्दीची गोळी द्यायची? दुकान बंद करा, हातभट्टी फोडा, नवऱ्याला ताळ्यावर आणा. तिच्या डोक्यात बिघाड शोधू नका.

सिस्टर: बिघाड म्हणतंय कोण? पण छप्पर शाकारायला माणूस मिळेपर्यंत तिनं किती पावसाळे भिजायचं? केंद्र सरकारनं एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल 2019 साली आला. दारूचं व्यसन जडलेल्या 38 माणसांमागे एकाला कसलातरी उपचार मिळालेला. आधी त्याचं होऊ दे, मग माझं बघते, असं बायांनी ठरवलं तर बहुतेकींची पाळी यायचीच नाही.

ताई: म्हणूनच म्हणते, एकेकाला धरून बसू नका. गावंच्या गावं सोडतात तेव्हा सुटते. आणि ते इथंच झालंय. 1922 साली याच पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवस्त्यांतून सलाबाई देवी निघाली. माणसांच्या अंगात यायची आणि सांगायची, दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, स्वच्छ राहा. इथून डोंगराकडे सरकत सुरतेपर्यंत गेली. तिकडे तर पारशी दारूवाल्यांच्या कामावर जायचं नाही, असाही हुकूम झाला. हजारो आदिवासींनी दारू टाकली. कोण समुपदेशक गेला होता त्यांच्याकडे?

सिस्टर: कोणी नाही. आणि थोड्याच काळात पुष्कळांनी परत सुरू केली. गावात तट पडले. सोडलेले ते वरजेला, परत वळलेले ते सरजेला. हार्डिमन नावाच्या इतिहासकारानं त्यावर पुस्तक लिहिलंय, त्यात हेही आहे. देवी आली, देवी गेली. घरातली बाई तिथंच.

ताई: तुम्ही दारूला सरसकट एका मापानं मोजता. आमच्यात देवाला दारूचा थेंब वाहतात, लग्न लावणारी धवलेरी गाते तेव्हा ताडी असते, बायाही घेतात. त्यानं कुणाचं घर मोडलं नाही. मोडलं ते गेटबाहेरच्या दुकानानं. बारा तास केमिकलच्या वासात उभं राहायचं आणि सुटल्यावर क्वार्टर.

सिस्टर: आमच्या घरचा मंगळसूत्राचा मणी ताडीच्या पैशातून आलाय, ताई. मी ताडीला कशाला शिव्या देऊ? पण ताडी पिणाऱ्यांच्यातसुद्धा रोज रात्री बायकोला बाहेर काढणारे मी पाहिलेत. मला तो काय पितो याच्याशी घेणं नाही. तिची झोप किती झाली, ते सांगा.

सिस्टरचा हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण दारुड्याच्या घरातल्या बाईची कहाणी बहुतेकदा झोपेपासूनच उलगडते. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. तो साडेअकराला यायला हवा, येतो एकला. त्या दीड तासात ती जागी असते. आला की काय होईल म्हणून जागी, आला नाही तर कुठे पडला असेल म्हणून जागी. तो घोरायला लागला तरी तिचं शरीर लगेच मोकळं होत नाही. पहाटे पाण्याला उठायचंच असतं. अशी वर्षं गेली की शरीर दिवसासुद्धा कानोसा घेत राहतं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं. छातीत धडधडतं, मान धरते, हातापायांना मुंग्या येतात, खाल्लेलं अंगाला लागत नाही. मग दवाखाना. ईसीजी सरळ येतो. डॉक्टर गॅसची गोळी देतात, ताकदीचं टॉनिक देतात, फारच गयावया केली तर सलाईन लावतात. काही बायका भगताकडे जातात, तोही अंगारा देतो. घरात कोण पितं का, हे विचारायचं डॉक्टरला सुचत नाही. भगताला निदान ते आधीच ठाऊक असतं.

याला डॉक्टरांच्या भाषेत चिंता आणि नैराश्य म्हणतात. बाईच्या भाषेत ‘जीव लागत नाही’. पोराला विनाकारण मारलं जातं, मग ती स्वतःच रडत बसते. सणाला नातेवाईक नकोसे वाटतात, कारण त्यांच्यासमोर त्याची अब्रू सांभाळायचं काम वाढतं. हळूहळू ती कुणाकडे जात नाही, तिच्याकडे कुणी येत नाही.

ताई: तुमच्या त्या व्यसनमुक्तीवाल्यांनी तिला एक नावही ठेवलंय. सहव्यसनी! शिबिरात मी स्वतः ऐकलंय. त्याला पैसे देता, त्याची बाजू घेता, त्याचं कपड्यावरचं ओकलेलं धुता, म्हणजे तुम्हीही व्यसनी. बाईला मार पण खायचा आणि वर आजारी पण ठरायचं!

सिस्टर: त्या शब्दावर माझाही राग आहे. आणि हे आजचं नाही. अमेरिकेत 1950 च्या सुमारास काही तज्ज्ञ लिहीत होते की दारुड्याशी लग्न करणाऱ्या बाईच्याच मनात खोट असते, तिला पिणारा नवरा हवाच असतो. 1954 साली जोन जॅक्सन नावाच्या बाईनं वेगळं केलं. सिअ‍ॅटलमध्ये दारुड्यांच्या बायकांचा गट होता, त्यांच्यात बसून तिनं त्यांचं ऐकून घेतलं. तिचा निष्कर्ष असा की या बायका जशा वागतात ते अंगावर आलेल्या संकटाला तोंड देणं आहे, आधीपासूनचा स्वभावदोष नव्हे. आधी नाकारतात, मग लपवतात, मग हताश होतात, मग एक दिवस घर आपल्या हातात घेतात. इंग्लंडचे जिम ऑरफर्ड आणि त्यांचे सोबतीही पुढे हेच सांगत आले. साधी, धडधाकट माणसं अवघड जागी अडकली की अशीच वागतात. त्यांना आजारी म्हणू नका, त्यांचा ताण कमी करा.

ताई: मग झालं की माझंच म्हणणं.

सिस्टर: अर्धं. ताण कमी करा म्हणजे फक्त दुकान बंद करा, असं ते म्हणत नाहीत. बाईला पाच गोष्टी द्या म्हणतात. तिचं पूर्ण ऐकून घ्या. दारू शरीराचं आणि डोक्याचं काय करते ते समजावून सांगा. ती आत्ता कशी निभावते, त्यातलं काय उपयोगी पडतं आणि काय तिलाच खातं, ते तिच्याबरोबर बसून बघा. तिच्या पाठीशी कोण उभं राहील ते शोधा. आणखी कुठली मदत लागेल तिथवर पोचवा. आपल्या शेजारी गोव्यात संगाथ संस्थेनं हेच करून पाहिलं, डॉक्टर न नेमता. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून नातेवाइकांकडे पाठवलं. असं करता येतं का एवढंच बघणारा छोटा प्रयोग होता. करता येतं, हे दिसलं.

इथे मला मध्ये बोललं पाहिजे. या पाच गोष्टींत नवऱ्याची दारू सुटण्याची अट कुठेच नाही, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो पीत असताना, त्याच घरात, ती थोडी बरी होऊ शकते. ही शक्यता आपल्याकडे कुणी तिच्या कानावरच घालत नाही. माहेर म्हणतं, त्याला सुधार. सासर म्हणतं, तूच बांधून ठेवायला कमी पडलीस. संघटना म्हणते, मोर्चाला ये. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, त्याला घेऊन ये. प्रत्येकाच्या वाक्यात ‘तो’ आहे.

ताईला मात्र हे पुरतं पटलेलं नाही, आणि तिची हरकत कच्ची नाही.

ताई: निभावते कशी ते बघा, म्हणे. तुमचे समुपदेशक सांगतात, त्याच्या चुका झाकू नका, त्याला त्याचे परिणाम भोगू द्या. बरं, सकाळी तो उठत नाही. बायकोनं सुपरवायझरला फोन करून ‘ताप आलाय’ सांगितलं नाही, तर काय होतं? कंत्राटी माणूस आहे तो. दोनदा दांडी झाली की गेटपास काढून घेतात, दुसरा उभाच असतो. परिणाम भोगणार कोण? पोरं. ज्यांच्याकडे मालकीचा फ्लॅट आणि स्वतःचा पगार आहे, त्या बायकांसाठी आहे हा सल्ला.

सिस्टर: हे मात्र खरं. म्हणून मी सरसकट सांगत नाही. भाडं, धान्य, शाळा यांच्यासाठी खोटं बोलायला लागलं तर बोल, त्याचा अपराध मानू नकोस. पण बारमालकाची उधारी तू फेडू नकोस. रात्री दोनला त्याच्याशी वाद घालू नकोस, त्या वेळी तो ऐकणारच नाही. सकाळी, शुद्धीवर असताना, एकच गोष्ट बोल. आणि तो रस्त्यात पडलाय म्हणून मध्यरात्री एकटी शोधायला जाऊ नकोस. शेजाऱ्यांना सांग. तिची रात्रीची धावाधाव एवढ्यानं जरी थांबली, तरी महिन्याभरात चेहऱ्यावर दिसतं.

ताई: आणि हात उचलला तर?

सिस्टर: तर समुपदेशन नंतर. आधी तिथून निघायचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) ज्यांचे नवरे वारंवार झिंगून येतात, अशा दहांतल्या सुमारे सात जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. न पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांत हे प्रमाण चारांत एकीच्या आसपास आहे. पहिला आकडा दारूविरुद्धच्या भाषणात नेहमी येतो. दुसरा कुणी सांगत नाही. न पिता मारणारेही इतके असतील, तर ‘शुद्धीत असता तर त्यानं असं केलं नसतं’ ही समजूत बाईनं किती धरून ठेवावी?

ताई: पोलिसात गेलं की ‘नवरा-बायकोचं आहे, मिटवून घ्या’. ही ठाण्याची रीत सगळीकडची. पण बायांना एक ठाऊक नसतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नवऱ्याला तुरुंगात न टाकता आदेश मिळतो. मारायचं नाही, घरातून काढायचं नाही, खर्चाला द्यायचं. घर त्याच्या नावावर असलं तरी तिला तिथं राहायचा हक्क आहे. संरक्षण अधिकारी असतो, तो अर्ज लिहून घेतो. आमच्या पाड्यावरची बाई फार झालं तर माहेरी निघून येते, जातपंचायत बसते, दुसरं घरही करते. पण चाळीतली आझमगढची, गोरखपूरची बाई जाईल कुठं? माहेर दीड दिवसाच्या गाडीवर, आणि तिकिटाचे पैसे त्याच्या खिशात.

सिस्टर: आणि हीच बाई तुमच्या आडव्या बाटलीत मोजली जात नाही.

यावर ताई थोडी गप्प होते. नियम असा आहे की दारूचं दुकान बंद करायचं तर आधी महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांचं मत आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, पडायला हवं. निम्म्याहून जास्त म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीत नाव असलेल्यांच्या. स्थिर गावात हे जमतं, राज्यात कितीतरी ठिकाणी बायकांनी जमवलंय. बोईसरसारख्या ठिकाणी निम्मी चाळ परप्रांतातली. नाव गावाकडच्या यादीत, मार इथं. आणि दुकान बंद झालंच, तर स्वस्त दारूचं दमण किती लांब आहे?

ताई: म्हणून काय लढायचंच नाही? चंद्रपूरला 2015 साली बायकांनी बंदी आणून दाखवली.

सिस्टर: आणि 2021 ला सरकारनं उठवली. त्या सहा वर्षांत ज्या बाईनं ‘बंदी आलीय, आता मी बरी होणार’ म्हणून वाट पाहिली, तिचं काय? लढू नका असं मी म्हणत नाही. गडचिरोलीत मुक्तिपथचं काम बघा. गावानं एकजुटीनं दारू बंद करायची आणि त्याच वेळी तालुक्याला व्यसनाचं क्लिनिक चालवायचं, दोन्ही बरोबर. तुमच्या मोर्च्यानंतर दारू अचानक तुटते, तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. 2020 च्या टाळेबंदीत मार्चच्या शेवटापासून मेच्या सुरुवातीपर्यंत दुकानं बंद होती. रोज पिणारा अचानक थांबला की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, नसलेली माणसं दिसायला लागतात. यात माणूस मरतो. बायको समजते, भूत लागलं, आणि भगत बोलावते. अशा वेळी सरकारी दवाखान्यातच न्यायला हवं.

यानंतर सिस्टर ज्यावर घसरते तो विषय रेल्वेच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींचा आहे. ‘न सांगता दारू सोडवा.’ बायका हप्त्यानं पैसे भरून त्या पुड्या आणतात आणि भाजीत मिसळतात. काही पुड्यांत नुसतं चूर्ण असतं. काहींत डायसल्फिराम असू शकतं. हे औषध खरंच आहे, पण ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो. ते त्याला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. पुडी मिसळणारी बाई पुढचे चार दिवस कशी काढते याचा विचार करा. तो बेशुद्ध पडला तर खून माझ्या माथी, ही भीती तिच्या आधीच्या सगळ्या भीतींवर चढते.

ताई: ठीक आहे. पण तुमच्या त्या पाच गोष्टी द्यायच्या कुठं? पुण्याला?

सिस्टर: पुण्याची गोष्ट ऐका तरी. मुक्तांगण 1986 साली अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. अनिताबाई स्वतः मनोविकारतज्ज्ञ. तिथं दाखल झालेल्यांच्या बायकांचा वेगळा गट आहे, सहचरी. तिथं बायका एकमेकींना सांगतात. डॉक्टरनं शंभरदा सांगितलेलं जे पटत नाही, ते दुसऱ्या दारुड्याच्या बायकोनं एकदा सांगितलं की पटतं. ‘माझ्यामुळे पितो’ हे ओझं तिथं पहिल्यांदा उतरतं. परदेशात 1951 पासून अल-अ‍ॅनॉन हेच करतं. याला इमारत लागत नाही. दहा बाया आणि एक बंद दार पुरे.

ताई: म्हणजे बचत गट.

सिस्टर: बचत गटच. पण तिथं हे बोललं जातं का?

ताई: नाही. खरं सांगते, नाही. तिथं कर्जाचा हप्ता असतो. ‘हिचा नवरा पितो’ कळलं तर हिचा हप्ता बुडेल म्हणून बाकीच्या जामीन राहायला मागंपुढं बघतात. सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. आणि एखादी बोलली आणि ते नवऱ्याच्या कानावर गेलं, तर त्या रात्रीचं काय?

दोघींच्या सगळ्या वादात मला सर्वांत कामाची वाटली ती ताईची ही कबुली. ज्या गटाची बाईला आधार म्हणून मोठी जाहिरात होते, तिथंच पैशाच्या हिशोबानं तिचं तोंड बंद केलंय. पासबुकं मिटल्यानंतर, हप्त्याचा विषय संपल्यावर, वेगळी बसायची वेळ ठरवावी लागेल. त्यात काय बोललं ते बाहेर जाणार नाही, अशी शपथ घ्यावी लागेल. ताईला ते जमेल असं मला वाटतं. सिस्टरला जमणार नाही, तिच्यासमोर बायका अजून पदर सावरून बसतात.

सिस्टर: आणखी एक सांगू? सुटली की बरी होईन म्हणतात ना? सुटते तेव्हा मी गेलेय अशा घरी. तो सहा महिने प्यायला नाही, आणि बाई तेव्हा कोसळली. आधी उभी होती ती संकटाच्या जोरावर. आता रोज त्याचं तोंड हुंगते, चप्पल तपासते. त्याला वाटतं, मी सोडली तरी हिचा विश्वास नाही. त्याला घराचे व्यवहार परत हातात हवेत, तिनं दहा वर्षं ते एकटीनं केलेत. आणि इतके दिवस गिळलेला राग आता वर येतो, कारण आता तो ऐकायला शुद्धीवर आहे. लोक म्हणतात, बघा, तो सुधारला आणि ही बिघडली.

ताई: विधवांचंही तसंच असतं. लिव्हर फुटून गेला. ती रडतेय, आणि रात्री गाढ झोपतेय. मग झोप लागली म्हणून स्वतःलाच शिव्या देतेय.

इथे दोघी एका बाजूला येतात. पण शेवटच्या मुद्द्यावर पुन्हा फुटतात. झोप न लागणाऱ्या, जगून काय करू म्हणणाऱ्या बाईला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं का?

ताई: गोळी चालू झाली की तो कोर्टात सांगणार, हिचं डोकं फिरलंय, पोरं माझ्याकडे द्या. अशा केसा मी पाहिल्यात. गरिबीवर गोळी देऊ नका, सिस्टर.

सिस्टर: गरिबीवर नाही, ताई. तीन आठवडे झोपली नाही आणि विहिरीकडे बघत बसते, तिला गोळी. औषधाचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून उशीर नको. आणि कायद्याचं म्हणाल, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तिची माहिती गुप्त ठेवायला सांगितलीय. उपचार घेतले एवढ्यावरून कुणी वेडं ठरत नाही, ते ठरवायचं काम कोर्टाचं. आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत दारूच्या अतिसेवनाशी जोडलेल्या मनाच्या अवस्थाही मानसिक आजारात धरल्यात. तो तिच्या डोक्यावरून बोलायला लागला, तर पहिला कागद त्याचाच निघेल.

ताई: कागदावर. चाळीत वेडी तीच ठरते.

यावर सिस्टरकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. ताईची भीती खरी आहे. पण त्या भीतीपायी बाईला बिनझोपेचं ठेवायचं, हे मला मान्य नाही. मोर्चा आणि गोळी यांत निवड करायला तिला लावणं हाच अन्याय आहे. आणि दोन्ही मिळेपर्यंत तिला ‘त्याची सुटेपर्यंत थांब’ म्हणणाऱ्या प्रत्येकानं, त्यात माहेरची माणसं पहिली, आधी आपलं तोंड आवरावं.

वाचणाऱ्याच्या चाळीत, सोसायटीत, पाड्यावर अशी बाई असणारच. टेली-मानस 14416 वर मराठीतून, चोवीस तास, पैसे न घेता तिच्याशी बोलतात, आणि तिच्याशी म्हणजे तिच्याच तब्येतीबद्दल. महिला हेल्पलाइन 181, जिवावर बेतलं तर 112. फोन तिनंच केला पाहिजे असं नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या चौथ्या कलमानं शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर त्याबद्दल कुठलीही जबाबदारी येत नाही.